धुरासाठी एक शहर, बाकी सगळ्यासाठी पाच गावं

आमच्या गल्लीत रेल्वेतले एक काका राहतात. अजनीहून बदली होऊन बल्लारशाला आले. परवा संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, तर आतून पगाराची स्लिप घेऊन आले आणि माझ्यापुढे धरली. "तुम्ही पेपरवाले ना? मंग सांगा बरं. नागपुरात होतो तवा घरभाडं भत्ता एवढा भेटे. इथं आलो तं सरळ अर्धा. बायको तीच, पोरं तेच, सिलिंडर तेच. बदली झाली का माणूसच अर्धा झाला?"

मी हसलो. उत्तर मात्र देता आलं नाही. वीस वर्षं या जिल्ह्यात बातम्या लिहितो आहे, पण शहर कशाला म्हणायचं हे ठरवतं कोण, हे कधी नीट विचारलंच नव्हतं. म्हणून दोन रात्री बसून वाचलं आणि आता लिहितो आहे. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

काकांच्या भत्त्याचं गणित साधं आहे. केंद्र सरकारने शहरांचे तीन वर्ग केलेत: एक्स, वाय आणि झेड. पन्नास लाखांच्या वर लोकसंख्या असेल तर एक्स. पाच ते पन्नास लाख असेल तर वाय. बाकी सगळा देश झेड. सातव्या वेतन आयोगात घरभाडं भत्त्याची सुरुवात झाली ती मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्क्यांनी. नागपूर वाय, बल्लारपूर झेड. सोळाचे आठ झाले. काका खोटं बोलत नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, बल्लारपूर आहेच लहान, त्यात काय चूक? थांबा जरा. मी मोबाइलवर एक बेरीज केली. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहर ३ लाख २० हजार. बल्लारपूर जवळपास ९० हजार. भद्रावती ६० हजार. घुग्घुस ३२ हजार. किती झाले? पाच लाखांच्या वर. नदीपलीकडचं राजुरा अजून यात धरलेलंच नाही, ताडाळी, दुर्गापूर, सास्ती काहीच नाही. आणि हे आकडे पंधरा वर्षं जुने आहेत. सांगली आणि कोल्हापूर ज्या पाच लाखांच्या जोरावर वाय वर्गात बसतात, तेवढी माणसं इथेही राहतात. फक्त ती एका नावाखाली मोजली जात नाहीत.

का मोजली जात नाहीत? कारण जनगणनेचा नियम आहे सलगतेचा. एक मूळ शहर, त्याला चिकटून वाढलेल्या वस्त्या आणि शेजारची शहरं, या सगळ्यांचा मिळून जो पट्टा होतो त्याला ते अर्बन ॲग्लोमरेशन म्हणतात, आपण नागरी समूह म्हणू. घराला घर लागलं पाहिजे, रस्त्याला रस्ता लागला पाहिजे. मध्ये शेत आलं, खाण आली, जंगल आलं की तुटलं.

आणि आपल्याकडे मध्ये काय आहे? चंद्रपूरहून घुग्घुसला जाताना कोळसा आहे. भद्रावतीला जाताना खाणी आणि एमआयडीसी आहे. बल्लारपूरकडे यायला निघालात तर विसापूर आणि बाजूला जंगल. राजुऱ्याला जायचं तर वर्धा नदी. नकाशावर पाहिलं तर आम्ही पाच सुटे ठिपके. सकाळी साडेआठला पडोलीच्या चौकात उभं राहून पाहिलं तर एकच शहर, जे रोज सकाळी जागेवरून उठतं आणि पंधरा-पंचवीस किलोमीटर चालून परत एक होतं. माझंच बघा. घर बल्लारपूरला, काम चंद्रपूरला, बायकोची शाळा भद्रावतीच्या वाटेवर, सासुरवाडी घुग्घुस. आमच्या घरात कोणालाच कधी वाटत नाही की आपण परगावी चाललो. "जरा चांद्याले जाऊन येतो" म्हणजे भाजी आणायला गेल्यासारखं आहे.

बरं, हे दोन गावांचं नातं आजचं नाही. गोंड राजांची गादी आधी बल्लारपूरला होती, नंतर चंद्रपूरला गेली. खांडक्या बल्लाळशाहने चंद्रपूर वसवल्याची कथा इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्या काळी शहराची व्याख्या सोपी होती. परकोटाच्या आत ते शहर. जटपुरा गेट, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या दरवाज्यांतून आत आलात की तुम्ही शहरात. आजही तो परकोट उभा आहे आणि जटपुरा गेटमधून गाडी काढताना अजूनही वाटतं, आपण कोणाची तरी परवानगी घेऊन आत चाललोय. आता परकोट कागदाचा आहे, एवढाच फरक.

सलगतेचा हा नियम आम्हालाच नडतो असं नाही. मुंबईचं बघा. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख आहे. त्यात ठाणे आहे, कल्याण-डोंबिवली आहे, नवी मुंबई आहे. पण वसई-विरार नाही! ते १२ लाखांचं वेगळं शहर म्हणून मोजलं. आता विरार लोकलला लटकून रोज चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला सांगा की बाबा, तू मुंबईच्या समूहात येत नाहीस. तो काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही. दुसरीकडे १९७४ चा कायदा करून नेमलेलं मुंबई महानगर प्रदेशाचं प्राधिकरण मात्र वसई-विरारला आपल्यात धरतं. म्हणजे एकाच देशात, दोन सरकारी कार्यालयांत मुंबई दोन वेगळ्या ठिकाणी संपते.

बाहेरच्या देशांत हे वेगळ्या पद्धतीने ठरवतात. अमेरिकेत ५० हजार वस्तीचा शहरी गाभा धरतात आणि मग बाजूच्या कौंटीतले, म्हणजे आपल्या हिशेबाने जिल्ह्यातले, किती लोक कामाला त्या गाभ्याकडे जातात ते बघतात. २५ टक्के कामगार जात असतील तर ती कौंटी त्या महानगर क्षेत्रात. युरोपातल्या अनेक देशांत हाच विचार १५ टक्क्यांवर लावतात. मध्ये शेत आहे की जंगल, हे बघत नाहीत. माणूस सकाळी उठून कुठे जातो ते बघतात.

आपल्या जनगणनेने २०११ मध्ये कामावर जाणाऱ्यांना दोन प्रश्न विचारले होते. कामाचं ठिकाण घरापासून किती किलोमीटर? आणि जाता कशाने, पायी, सायकलने, बसने की रेल्वेने? कुठे जाता, हे विचारलंच नाही. मला हे वाचून अक्षरशः हात कपाळावर मारावासा वाटला. बल्लारपूरचा माणूस पंधरा किलोमीटर जातो हे सरकारला माहीत आहे. तो चंद्रपूरला जातो, राजुऱ्याच्या खाणीत जातो की उलट दिशेला जंगलात जातो, हे माहीत नाही. ही एक ओळ फॉर्ममध्ये नसल्यामुळे या देशात कोणतंही शहर त्याच्या माणसांच्या पायांवरून मोजता येत नाही.

मग महानगर ठरतं कशावर? राज्यघटनेत व्याख्या आहे. ७४ वी घटनादुरुस्ती, अनुच्छेद २४३ त. दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येचं, एक किंवा अनेक जिल्ह्यांत पसरलेलं, दोन किंवा जास्त नगरपालिका, पंचायती किंवा लागून असलेली क्षेत्रं मिळून झालेलं असं क्षेत्र, जे राज्यपाल अधिसूचनेने जाहीर करतील. शेवटचं वाक्य परत वाचा. लोकसंख्या वगैरे ठीक आहे, पण महानगर जाहीर करावं लागतं. ज्याचं मुंबईत वजन, त्याचं जाहीर होतं.

इथे एक गंमत सांगतो. गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १० लाख ७२ हजार होती. त्यात नगरपालिका आहेत, पंचायती आहेत, आणि सगळं एकमेकांना लागूनच आहे. म्हणजे नुसता आकडा बघितला तर १४,४१२ चौरस किलोमीटरचं, पाऊण भाग जंगल असलेलं, एका चौरस किलोमीटरला ७४ माणसं असलेलं गडचिरोली महानगर! हसू नका. दिल्लीचा राष्ट्रीय राजधानी प्रदेश ५५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. आपले चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्हे मिळवले तरी २६ हजार होत नाहीत. राजस्थानातलं अलवर, हरियाणातलं जिंद, उत्तर प्रदेशातलं मुझफ्फरनगर हे सगळं दिल्लीच्या प्रदेशात आहे. तिकडच्या उसाच्या आणि मोहरीच्या शेतात उभं राहून 'मी राजधानी प्रदेशात आहे' म्हणता येतं, तर सलगता, घनता हे नियम नक्की कोणासाठी आहेत?

आता मुद्द्यावर येतो. ज्यासाठी ही सगळी पोस्ट लिहिली तो मुद्दा.

आम्हा पाच गावांना सरकारने एक शहर म्हणून कधीच जोडलं नाही, असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते चूक होतं. सरकारने जोडलं आहे. चांगलं नकाशा काढून, नावं घेऊन जोडलं आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले. आयुष्यात एवढे मार्क आपल्या जिल्ह्याला कशात मिळाले नव्हते. देशात चौथा नंबर. आणि 'चंद्रपूर' म्हणजे काय, तर त्यात लिहिलं होतं: चंद्रपूर एमआयडीसी, ताडाळी, घुग्घुस, बल्लारपूर.

बघा. हाच तो पट्टा. जो मी मोबाइलवर जोडला, जवळपास तोच. हवा मोजायची वेळ आली तेव्हा कोणाला सलगतेची आठवण झाली नाही. मध्ये खाण आहे, शेत आहे, जंगल आहे, दोन स्थानिक संस्थांच्या हद्दी वेगळ्या आहेत, काहीही अडचण आली नाही. धूर हद्द मानत नाही हे त्यांना कळलं. चला, निदान एवढं तरी कळलं. २०१० च्या जानेवारीत पर्यावरण मंत्रालयाने अशा ४३ पट्ट्यांत नवीन प्रकल्पांना तात्पुरती बंदी घातली, त्यातही हा पट्टा एकच धरला.

म्हणजे धुरासाठी आम्ही एक शहर. घरभाड्यासाठी पाच गावं. बससाठी पाच गावं. दवाखान्यासाठी, पाण्यासाठी, कचऱ्यासाठी पाच गावं. आमच्या फुफ्फुसांची बेरीज होते, आमच्या डोक्यांची होत नाही.

कोणी म्हणेल, भाऊ, प्रदूषण मोजणारं खातं वेगळं, भत्ता देणारं वेगळं, जनगणना वेगळी; प्रत्येकाची गरज वेगळी म्हणून व्याख्या वेगळी. बरोबर आहे. मला ते मान्य आहे. पण मग हे उघड बोला की व्याख्या ही गरजेप्रमाणे काढतात. आणि पुढचा प्रश्न विचारा की गरज कोणाची?

वीज घ्या. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट, राज्याच्या मालकीचं सगळ्यात मोठं केंद्र. इथून एक खास वाहिनी जाते, चंद्रपूर ते पडघे. १९९९ पासून सुरू. लांबी ७५२ किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॅट. पडघे कुठे आहे? भिवंडी तालुक्यात, मुंबईच्या उशाशी. विदर्भ ओलांडून, मराठवाड्याच्या कडेने, अख्खा महाराष्ट्र आडवा कापून ती तार जाते. मधल्या गावांना त्या तारेतून एक दिवासुद्धा लावता येत नाही, कारण ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते, मध्ये उतरत नाही. आता मला सांगा, मुंबईची हद्द कुठे संपते? मुंबईची लिफ्ट आणि एसी ज्या कोळशावर चालतात तो दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणीतला. त्याला थंड करणारं पाणी इरई धरणाचं, ज्या धरणावर चंद्रपूरची तहानही अवलंबून आहे. त्याची राख आमच्या नदीकाठाला. मुंबई महानगर प्रदेशाचा नकाशा ६,३२८ चौरस किलोमीटरवर थांबतो. पण मुंबईचं पोट ७५२ किलोमीटर लांब आहे, आणि त्याचं दुसरं टोक आमच्या घराच्या मागे आहे.

मी मुंबईवर जळत नाही. माझा सख्खा भाऊ तिकडे आहे. पण महानगर म्हणजे नुसती जिथे माणसं दाटीने राहतात ती जागा नाही. त्या माणसांना जगवायला जेवढी जमीन लागते ती सगळी महानगरच आहे. ते मान्य केलं असतं तर भत्ता, आरोग्य, रस्ते या सगळ्याच्या वाटपात आम्हाला 'मागास' म्हणून मदत मिळाली नसती. 'भागीदार' म्हणून हिस्सा मिळाला असता.

दुर्गापूरचं सांगतो, कारण ती बातमी मी लिहिली आहे आणि विसरू शकत नाही. चंद्रपूर शहर संपतं आणि दुर्गापूर सुरू होतं, तिथे रेषा दाखवा म्हटलं तर कोणी दाखवू शकणार नाही. एका बाजूला वीज केंद्र, एका बाजूला कोळसा खाण, मागे ताडोबाकडे जाणारं जंगल. पण कागदावर ती ग्रामपंचायत. फेब्रुवारी २०२२ मध्ये आधी वीज केंद्राच्या आवारात कामगाराला वाघाने मारलं आणि लागोपाठ दुर्गापुरात एका शाळकरी वयाच्या पोराला बिबट्याने उचललं. त्यानंतर मी चार दिवस तिथे होतो. लोक एकच विचारत होते, ही झुडपं तोडायची कोणी? रस्त्यावरचा दिवा लावायचा कोणी? वीज केंद्राची हद्द, खाणीची हद्द, वनविभागाची हद्द, ग्रामपंचायतीची हद्द. बिबट्या चारही हद्दींतून फिरत होता. देशाला वीज देणाऱ्या केंद्राच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत अंधार होता. एक बाई मला म्हणाली, "आमी शहरात रायतो का खेड्यात, ते तरी सांगा, मंग कोनाले बोलायचं ते ठरवू." मी वहीत लिहून घेतलं. तिला उत्तर देणारं माझ्याकडेही कोणी नव्हतं.

घुग्घुसचंही तेच. २०११ च्या जनगणनेत ते शहर होतं. कारण जनगणनेची व्याख्या तशी: पाच हजारांच्या वर वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. (पुरुषांपैकी! बाया काय करतात त्यावर गाव शहर होत नाही. त्यांचं काम कुठे धरलं जातं हा दुसऱ्या पोस्टचा विषय.) पण राज्य सरकारच्या लेखी २०२० च्या अखेरीपर्यंत घुग्घुस ग्रामपंचायत होतं. तीस हजारांवर वस्ती, सिमेंट, स्पंज आयर्न, कोळशाची सायडिंग, रात्रंदिवस ट्रक, आणि कारभार ग्रामपंचायतीच्या टेबलावर. मोजायला शहर, चालवायला खेडं.

आणि गडचिरोलीत याच्या अगदी उलट झालं. तिथे जे खेडं होतं त्याला रातोरात शहर केलं. २०१५ च्या आसपास राज्याने तालुक्याची ठिकाणं सरसकट नगरपंचायती केली. लोकसंख्या बघितली नाही, घनता बघितली नाही. भामरागड पाहिलंय का तुम्ही? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जगाशी संपर्क तुटतो असं ते गाव. ते नगर झालं. एटापल्ली नगर झालं. धानोरा, कोरची नगर झालं. यातले कित्येक अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला जे अधिकार दिले, ते ग्रामसभेला दिले होते. गाव नगर झालं आणि ग्रामसभाच गेली. घटनेत, अनुच्छेद २४३ यग मध्ये, स्पष्ट आहे की नगरपालिकांचं प्रकरण अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू नाही, त्यासाठी संसदेने कायदा करायचा. २००१ मध्ये तसं विधेयक आलं होतं. कायदा अजून झालेला नाही. पण नगरपंचायती झाल्या.

म्हणजे घुग्घुसला शहर व्हायचं होतं, तेव्हा नियम आडवे. एटापल्लीला विचारलंसुद्धा नाही, तेव्हा नियम बाजूला. यात कुठे तुम्हाला लोकसंख्याशास्त्र दिसतं का? मला नाही दिसत.

सिरोंच्याची तर गोष्टच वेगळी. सिरोंच्याहून आपल्याच जिल्ह्याचं ठिकाण गाठायला दोनशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. त्यामुळे गोदावरीवरचा पूल झाल्यापासून माणूस आजारी पडला की गाडी वरंगळकडे वळते. बाजार तिकडचा, दवाखाना तिकडचा, कामही तिकडचं. मिरची तोडायला आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली हजारो माणसं दरवर्षी तेलंगणात जातात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती पायी परत येताना आपण सगळ्यांनी पाहिली. आणि पाणी? मेडिगड्डा बॅरेज २०१९ मध्ये सुरू झालं, त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातली शेतं पाण्याखाली गेली. त्या योजनेच्या आराखड्यात हैदराबादच्या पिण्याच्या पाण्याचाही वाटा धरलेला आहे. पायांवरून हद्द काढली, पाण्यावरून काढली, तर सिरोंचा हैदराबादच्या शेपटीला लागेल. मत मात्र मुंबईला.

आता माझ्यावर आक्षेप येणार हे माहीत आहे. 'म्हणजे तुम्हाला चंद्रपूर महानगर प्राधिकरण पाहिजे?' नाही. अजिबात नाही. नागपूरकडे बघून तर नाहीच. २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेशाचं प्राधिकरण आलं. ७१९ गावं, ३,५६७ चौरस किलोमीटर. तिथल्या गावात घर बांधायचं तर परवानगी ग्रामपंचायतीकडे राहिली नाही, प्राधिकरणाकडे गेली. गाव महानगरात गेलं की गावाला महानगराचा दवाखाना मिळेलच असं नाही, पण नकाशावर आरक्षण आणि सातबाऱ्याच्या मागे बिल्डर नक्की मिळतो. घटनेने महानगर नियोजन समितीत दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्यांतून घ्यायला सांगितलंय. ती समिती नावापुरती, प्राधिकरण मात्र जोरात, हे चित्र आपण सगळीकडे बघतो.

आणि सलगतेचा नियम पाळून शहर व्हायचं असेल तर त्याचा रस्ताही दिसतोच आहे. बल्लारपूर-चंद्रपूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लेआउट टाका, जुनोन्याकडचं जंगल कापा, घराला घर लावा, की झालो सलग. मग मिळेल वाय वर्ग. म्हणजे ज्या जंगलामुळे उन्हाळ्यात ४७ अंशांतही माणूस इथे जिवंत राहतो, ते तोडलं तरच आम्ही शहर. असलं शहर नको. मध्ये जंगल असलेलं शहर असू शकतं, हे मान्य करणारी व्याख्या पाहिजे.

गडचिरोलीला तर प्राधिकरण मिळालंच. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कायदा झाला. महानगर प्राधिकरण नव्हे, खनिकर्म प्राधिकरण. मुंबईला माणसांसाठी, आपल्याला दगडासाठी. सुरजागडचं लोखंड कुठून कुठे जाईल याचा आता एकत्रित विचार होईल. आलापल्लीच्या बाईला बाळंतपणासाठी कुठून कुठे जावं लागतं, याचा एकत्रित विचार कोण करतंय?

मला हवं आहे ते फार थोडं आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती, राजुरा आणि मधली गावं यांच्यासाठी एक बससेवा, जिची शेवटची गाडी रात्री दहाला सुटेल. एक हवा-पाण्याची आकडेवारी, जी रोज लोकांपुढे येईल. आणि काकांच्या स्लिपवरचा वर्ग ठरवताना जो पट्टा धुरासाठी जोडला तोच जोडावा. यासाठी कोणाची हद्द हलवावी लागत नाही, कोणाची ग्रामपंचायत मोडावी लागत नाही.

वेळही आत्ताच आहे. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. प्रशासकीय हद्दी गोठवायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, ती गेली. पण नागरी समूह ही प्रशासकीय हद्द नाही, ते जनगणनावाल्यांचं स्वतःचं गणित आहे. पाचही ठिकाणच्या नगरसेवकांनी आणि सरपंचांनी ठराव करून जनगणना संचालनालयाला पाठवायला काय हरकत आहे? मी तिघांना फोन केला. एकाने विचारलं, "याने आपल्या वॉर्डात काय फरक पडते?" दुसरा म्हणाला, आमदार साहेबांना विचारून सांगतो. तिसऱ्याने उचलला नाही.

म्हणून आपणच मोजायला सुरुवात करू. येत्या सोमवारी सकाळी आठ ते दहा मी पडोली चौकात वही घेऊन उभा राहणार आहे. कुठून आलात आणि कुठे चाललात, एवढंच विचारायचं आहे. बल्लारपूरच्या बसस्टँडवर, राजुऱ्याच्या पुलाजवळ आणि भद्रावतीला उभं राहायला प्रत्येकी दोन माणसं पाहिजेत. जमणार असेल तर कमेंटमध्ये नाव टाका. नसेल जमत तर निदान स्वतःचं लिहा: घर कुठे, काम कुठे, किती वाजता निघता, घरी किती वाजता पोहोचता. रेल्वेवाल्या काकांनी त्यांचं आधीच लिहून दिलंय, पहिल्या कमेंटमध्ये टाकतो.